आधी चालू कशी करणार ते सांगा

रिमोटची गाडी घ्यायची म्हटलं की माणूस वेग किती ते विचारतो, किंमत विचारतो, फार तर सुटे भाग मिळतात का ते विचारतो. नायट्रोकाकांना यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर येत नाही. ते समोरच्याच्या मनगटाकडे बघतात आणि म्हणतात, "ते सगळं नंतर. आधी चालू कशी करणार ते सांगा."

नायट्रोकाका हे नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलेलं. खरं तर पोरांच्या हिशेबानं ते आजोबा. पण सोसायटीत काका हे पद एकदा मिळालं की पुढे बढती होत नाही. काकांचा आक्षेप नावाच्या पहिल्या भागाला आहे. त्यांच्या गाडीच्या इंधनात नायट्रोमिथेन २० टक्के, फार तर २५. बाकी मिथेनॉल आणि तेल. "बहुमत मिथेनॉलचं आहे," असं ते प्रत्येक नव्या पोराला समजावून सांगतात. पोरगं मान डोलावतं आणि पुढच्याच वाक्याला नायट्रोकाका म्हणतं.

पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, त्यांचं उभं आयुष्य गेलं. बेताची उंची, चष्म्याला दोरी, आणि पँटच्या दोन खिशांत जुन्या बनियनची दोन फडकी. एक कोरडं, एक तेलकट. कुठलं कुठल्या खिशात हे काकांना पाठ आहे, पण घाईत खिसे बदलतात आणि मग उरलेली सकाळ ते जगाकडे एरंडेलाच्या थरातून बघतात. गाडीच्या इंधनात वंगण म्हणून एरंडेल असतंच, त्यामुळे काकांना ते परकं वाटत नाही.

गाडी दीड फुटाची. मागे दोन स्ट्रोकचं साडेतीन सीसीचं इंजिन. पोह्याच्या चमच्यात मावेल एवढी त्या सिलिंडरची पोकळी, पण मिनिटाला ३० हजारांच्या वर फेरे घेते. गाडी कुठल्या कंपनीची, कुठलं मॉडेल, असं विचारलं तर काका बुचकळ्यात पडतात. "निळी आहे," म्हणतात. इंजिनाच्या पाठीवरच्या बॅकप्लेटचे स्क्रू किती मिलिमीटरचे ते विचारा, डोळे मिटून सांगतील.

माणूस असा एका दिवसात होत नाही. काकांचं लहानपण गावाकडच्या विहिरीवर गेलं, आणि विहिरीवर ऑइल इंजिन होतं. डिकॉम्प्रेशनची कळ उचलायची, हँडल लावून ते जड फ्लायव्हील गरागरा फिरवायचं, छाती फुटेपर्यंत वेग आणायचा आणि नेमक्या क्षणी कळ पाडायची. लागलं तर लागलं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून गेलं पाहिजे, अंगठा बरोबर घेऊन नव्हे. हे शिक्षण काकांना बाराखडीच्या आधी मिळालं असावं. आजही ते चहाचा कप उचलतात तेव्हा अंगठा अलीकडे ठेवतात.

पुढे नोकरी लागली आणि स्कूटर आली, तीही दोन स्ट्रोकची. त्या काळात सकाळी साडेसातला निम्मा महाराष्ट्र स्कूटर तिरकी करून उभा असायचा. चोक ओढ, तिरकी कर, सरळ कर, किक. शेजारी गॅलरीतून सल्ले द्यायचे. काकांची स्कूटर बहुधा दुसऱ्या किकला लागायची आणि तेवढ्या भांडवलावर ते अख्ख्या चाळीच्या स्कूटरी चालू करून मग कामावर जायचे. कारखान्यात लेट मार्क लागायचा. कारण विचारलं की खरं तेच सांगायचे.

मग मुलानं बटणाची कार घेतली. ब्रेकवर पाय, बटणावर बोट, झालं. काकांनी पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा इंजिन चालू झालंय हे त्यांना कळलंच नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. बंद झालं. काकू सांगतात, त्या दिवसापासून हे गप्प गप्प असायचे. घरात हातानं चालू करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. गॅसची शेगडीसुद्धा आपली आपण पेटत होती. अशा दिवसांत मुलगा कामासाठी परदेशी गेला आणि येताना नातवाला नायट्रो गाडी घेऊन आला. इंधन अर्थात नाही आणलं; तसली पेट घेणारी बाटली विमानात कोण चढवू देणार? नातवानं गाडी दोन दिवस हातानं ढकलली आणि टाकून दिली. काकांनी ती उचलून सरळ उलटी केली, पोटाखाली काय आहे ते बघायला.

काकांचा सिद्धांत एका ओळीचा आहे. लोक गाडी आधी घेतात आणि ती चालू कशी करायची याचा विचार मागाहून करतात, म्हणून जगात बहुतेक नायट्रो गाड्या माळ्यावर पडून आहेत. इंजिनाच्या पाठीला दोरीचं चाक आहे, की सळई घालायचं भोक आहे, की नुसतंच सपाट झाकण, यावर पुढचं सगळं अवलंबून. सपाट झाकणाचं इंजिन घेतलं आणि दोरी शोधत बसलात तर ती मिळणार नाही. काकांचं हे म्हणणं तंतोतंत बरोबर आहे, आणि तीच तर पंचाईत आहे. माणूस चुकीचं बोलत असला की आपण हसून निघून जातो. बरोबर बोलणारा माणूस तासभर बसवून ठेवतो.

दोरीवर काकांचं पहिलं प्रेम. पुल स्टार्ट. इंजिनाच्या मागे छोटं चाक, त्यावर स्प्रिंग, त्यावर दोरी, दोरीला प्लास्टिकची मूठ. बॅटरी नको, बॉक्स नको, प्लग तापवायला एक इग्नायटर खिशात असला की झालं. मात्र दोरी ओढणाऱ्या माणसाची जात तिथे लगेच कळते, असं काकांचं मत आहे. बहुतेक लोक गणपतीतल्या जनरेटरच्या आठवणीनं, पाय रोवून, खांद्यापर्यंत ओढतात. दोरी बिचारी जेमतेम हातभर. ती शेवटाला जाऊन ठेचते, स्प्रिंग निसटतं आणि मूठ हातात येते. "एक फूट," काका बोट वर करून सांगतात, "फक्त एक फूट. आखूड आणि झटकन. त्यापुढे नुसती हाव."

दोरी हातात असली की इंजिन आतून काय म्हणतंय ते मनगटाला कळतं, हा त्यांचा खरा मुद्दा. इंजिनात इंधन जास्त गेलं, म्हणजे ते फ्लड झालं, की पिस्टन वर जाताना अडतो. हवा दाबता येते, द्रव दाबता येत नाही. अडाणी माणूस इथे आणखी जोर लावतो. मग दोरी तरी तुटते, मागचं वन-वे बेअरिंग तरी जातं, नाहीतर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. काका मात्र पहिल्याच अडखळण्याला थांबतात. प्लग काढतात, गाडी उलटी करतात, प्लगच्या भोकावर फडकं धरतात आणि दोन हलके झटके देतात. आतलं जादा इंधन फस्सकन बाहेर येतं. फडकं जरा बाजूला सरकलेलं असलं तर ते समोरच्याच्या शर्टावर जातं. त्या शर्टाच्या मालकाला मग दोरीचं तत्त्व आयुष्यभर लक्षात राहतं.

थंड इंजिनाची गोष्ट निराळी. या इंजिनांची स्लीव्ह, म्हणजे पिस्टन जिच्यात वरखाली होतो ती नळी, वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. थंड असताना पिस्टन तिथे जाऊन घट्ट बसतो. इंजिन तापलं, स्लीव्ह प्रसरली, की दोघांचं जमतं. थंडीच्या दिवसांत म्हणूनच अनुभवी लोक इंजिन आधी बाहेरून गरम करून घेतात. घरात बाहेरून गरम करण्याचं यंत्र एकच होतं, आणि ते काकूंचं होतं.

"अहो, माझा ड्रायर कुठाय?"

"इंजिनाला लावलाय."

"माझे केस ओले आहेत."

"तुझे केस ओले असले तरी चालू आहेत ना? हे बंद आहे."

काकूंनी त्यावर दुसरा ड्रायर आणला आणि त्यावर नेलपॉलिशनं स्वतःचं नाव घातलं. जुन्या ड्रायरवर काकांनी नाव घातलं नाही. त्याला एरंडेलाचा वास येतो, तेवढी ओळख पुरते.

इंधनाच्या बाबतीत मात्र या माणसाला गंमत अजिबात चालत नाही. बाटली गॅलरीतल्या लोखंडी कपाटात, कुलपात, वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी. मिथेनॉल विष आहे, पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. त्यात त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही. मैदानावर भरणी करताना ते पोरांना दहा पावलं मागे हटवतात आणि तेव्हा त्यांचा आवाज टूलरूममधला असतो.

दोरीनंतर येतं रोटो स्टार्ट. ड्रिल मशिनसारखं हत्यार, पुढे षटकोनी सळई. ती बॅकप्लेटच्या भोकात घालायची, बटण दाबायचं, घर्रर्र. तरुण लोकांना हे आवडतं, कारण हातात काहीतरी धरल्याचं समाधानही मिळतं आणि घामही येत नाही. काका त्याला नाक मुरडतात. मोटारीला मनगट नसतं. इंजिन फ्लड झालंय हे तिला कळत नाही, ती आपली फिरवत राहते, आणि मग रॉडचा निकाल लागतो. "जोर तिचा, चूक तुमची, खर्च बायकोचा," एवढ्यात ते प्रकरण संपवतात. बायकोचा खर्च कसा, हे विचारायची सोय नाही; काकू तिथेच बसलेल्या असतात.

काही गाड्यांत स्टार्टरची मोटार गाडीतच बसवलेली असते. हातातला दांडका तिला जोडला की एकीकडे प्लग तापतो, दुसरीकडे इंजिन फिरतं, शिवाय प्लग शाबूत आहे की नाही ते सांगायला दिवासुद्धा लागतो. याबद्दल काका फक्त "सोय आहे" असं म्हणतात. त्यांनी कुणाला इतकी वाईट शिवी दिलेली मी ऐकलेली नाही.

आणि मग बॉक्स. स्टार्टर बॉक्सचा विषय निघाला की काका खुर्चीत पुढे सरकतात. खोक्यात मोटार, वर रबरी चाक अर्धवट बाहेर आलेलं. गाडी वर ठेवून दाबली की चासीच्या पोटातल्या खाचेतून ते रबरी चाक इंजिनाच्या फ्लायव्हीलला घासतं आणि ते फिरायला लागतं. इंजिनाच्या पाठीला मग ना दोरी ना सळईचं भोक. झाकण सपाट, वजन कमी, मोडायला काही नाही. शर्यतीच्या गाड्या बहुतकरून अशाच चालू करतात. खोक्याला १२ व्होल्ट लागतात. काकांनी मुलाच्या निकालात निघालेल्या यूपीएसची बॅटरी लावली. बॉक्स आणि बॅटरी मिळून गाडीपेक्षा जड झाले. याचा त्यांना अभिमान आहे.

बॉक्सच्या वरच्या खुंट्या आपल्या गाडीच्या चासीला जुळवून घ्याव्या लागतात, नाहीतर चाक फ्लायव्हीलवर न बसता भलतीकडेच घासतं. काकांनी त्या जुळवायला पावसाळा घालवला. बॅटरीच्या वायरी उलट्या लागल्या तर चाक उलटं फिरतं, इंजिनही उलटं फिरतं. म्हणून त्यांनी बॉक्सवर लाल रंगानं बाण काढलाय, वायरींना लाल-काळ्या चिकटपट्ट्या लावल्यात, आणि तरीही जोडण्याआधी स्वतःशी पुटपुटून एकदा खात्री करून घेतात. ते पुटपुटणं ऐकून पहिल्या मजल्यावरच्या आजींचा समज झालाय की माणूस धार्मिक आहे.

शर्यतींबद्दल काकांना एकच गोष्ट माहीत आहे आणि ती ते कुणालाही सांगतात. आठास एक मापाच्या बग्गींच्या शर्यतीत रिमोट घेतलेले ड्रायव्हर उंच मचाणावर उभे असतात आणि खाली पिटमध्ये प्रत्येकाचा एक मेकॅनिक असतो. १२५ सीसीची टाकी. दर थोड्या मिनिटांनी गाडी आत येते, मेकॅनिक ती उचलतो, भरतो, सोडतो. इंजिन बंद पडलं तर तोच धावत जाऊन गाडी आणतो, बॉक्सवर दाबतो, पेटवतो, परत ट्रॅकवर ठेवतो. "आणि बक्षीस कुणाला? वर उभं राहून बोटं हलवणाऱ्याला!" काका इथे खरोखर चिडतात. "गाडी चालू कुणी केली?"

इतिहासही ते त्याच खिडकीतून बघतात. १९१२ सालच्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला, तेव्हापासून माणसाचं मनगट वाया गेलं. त्याआधी हँडलच्या झटक्यानं लोकांचे हात मोडायचे, याची आठवण करून दिली तर शांतपणे म्हणतात, "अंगठा चुकीच्या बाजूला धरत असतील." त्यांचा खरा आदर आहे तो रे आर्डेन या अमेरिकन माणसाबद्दल. १९४७ साली त्यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. तोवर खेळण्यातल्या विमानांच्या इंजिनांना ठिणगीसाठी कॉइल आणि बॅटरी वाहावी लागायची. ग्लो प्लगच्या तारेत प्लॅटिनम असतं. सुरुवातीला बाहेरून दीड व्होल्टपर्यंतचा सेल लावून ती लाल करायची. इंजिन लागलं की सेल काढून घ्यायचा आणि तार आपली लालच राहते. मिथेनॉलच्या वाफेची प्लॅटिनमवर प्रक्रिया होऊन उष्णता सुटते, शिवाय दाबानं तापलेल्या हवेची आणि दरवेळच्या जळण्याची भर पडते. "एकदा पेटवून द्या, मग त्याचं तो बघतो," हे सांगताना काकांचा आवाज मुलीचं लग्न लावून दिलेल्या बापासारखा होतो.

आवाजाची तक्रार झाली नाही असं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी एका रविवारी नोटीस हातात घेऊनच मैदानावर आले. काकांनी वाद घातला नाही. "बरोबर आहे तुमचं. मी बंदच करतो. फक्त हे जरा ओढून देता का, माझा खांदा धरलाय," म्हणून दोरीची मूठ त्यांच्या हातात दिली. सेक्रेटरींनी नोटीस काखेत धरली आणि एक झटका दिला. काही नाही. दुसरा. एक उचकी. तिसऱ्याला ते इंजिन अंगात आल्यासारखं किंचाळलं, निळसर धुराचा लोट उठला, आणि सेक्रेटरींनी आजूबाजूला कोण कोण बघतंय ते बघितलं. नोटिशीवर पुढे तेल पुसलं गेलं. आता ते रविवारी सकाळी नऊला हजर असतात, जुना शर्ट घालून.

बी विंगमधल्या एका मुलाकडे विजेवरची गाडी आहे. ब्रशलेस मोटार, लिथियमची बॅटरी. तो येतो, स्विच टाकतो, आणि काकांचा प्लग लाल होईपर्यंत मैदानाला चार चकरा मारून काकांच्या पायाजवळ गाडी आणून उभी करतो. वेगातही ती काकांच्या गाडीला हार जात नाही. जगभर बहुतेक शौकीन विजेकडे वळले आहेत, हे काकांना ठाऊक आहे आणि त्यांची तक्रारही नाही. त्या मुलाबद्दल त्यांना कणव वाटते. "त्याची गाडी कधी धड बंदच नसते," ते म्हणतात, "तर चालू कुठून होणार?"

मैदानावरचा सोहळा बघायलाच हवा. प्लग काढून सावलीत धरायचा, इग्नायटर लावून तार एकसारखी लाल होते का बघायचं. परत बसवायचा. टाकी भरायची. एक्झॉस्टच्या तोंडावर बोट ठेवून इंजिन फिरवायचं, म्हणजे दाब टाकीत जातो आणि इंधन नळीतून सरकत कार्ब्युरेटरपर्यंत येतं. ते आलेलं दिसलं की बोट लगेच काढायचं, नाहीतर पुन्हा फ्लड. इंधन कमीजास्त करणारी नीडल एक अष्टमांश फेरा सोडायची. एक अष्टमांश म्हणजे किती, यावर काका आणि सेक्रेटरी यांच्यात मतभेद आहेत. मग गाडी बॉक्सवर. काका डोळे मिटतात, दाबतात. घर्र, घर्र, घर्रर्र, फट्, आणि मग तो टिपेचा आवाज. एरंडेलाचा गोडसर वास सगळ्या मैदानावर पसरतो.

काका आठ-दहा सेकंद ऐकतात. चेहऱ्यावर जे काही असतं ते मी इतर वेळी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. मग आवाज आयडलिंगला एकसारखा झाला की ते गाडी जमिनीवर ठेवतात, रिमोट मागे धरतात, कुणाकडे न बघता, आणि म्हणतात, "घ्या रे कुणीतरी."

गाडी पळत असते, पोरं ओरडत असतात, आणि काका पाठ फिरवून इग्नायटर पुसत असतात. ती धुळीत कोलांटी मारते, झुडपात घुसते, काकांना पत्ता नसतो. फक्त आवाज थांबला की मान गर्रकन वळते. मग त्या वयात ते ज्या चालीनं मैदान पार करतात, ती बघून त्यांच्या गुडघ्यांच्या डॉक्टरांनी औषध थांबवावं. ते टाकी मुद्दाम अर्धी भरतात असा माझा संशय आहे. सेक्रेटरींचाही आहे, पण पुढची पाळी त्यांची असते, म्हणून ते बोलत नाहीत.

सगळं आटोपल्यावर टाकी रिकामी करून, इंजिनात तेलाचे चार थेंब सोडून ते हळूहळू फिरवतात. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, तसंच ठेवलं तर बेअरिंग गंजतात आणि पुढच्या रविवारी इंजिन लागत नाही. पुढच्या रविवारची तयारी ही अशी या रविवारी सुरू होते.

अशा माणसाकडे सी विंगमधले एक गृहस्थ सल्ला मागायला आले. संगणकातली नोकरी, नऊ वर्षांची मुलगी, तिच्या वाढदिवसाला नायट्रो गाडी द्यायची. काकांनी त्यांना बसवलं, काकूंना चहा टाकायला सांगितलं आणि वही उघडली.

"मनगटं दाखवा."

त्यांनी दाखवली.

"माउसची आहेत," काका म्हणाले आणि लिहून घेतलं. "घरात आधी रागावतं कोण?"

"म्हणजे... हीच."

"दोरी तिच्या हातात द्यायची नाही. तुम्ही? एखादी गोष्ट तीनदा करून झाली नाही तर काय करता?"

"गूगल करतो."

काकांनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं पुन्हा उचललं. "जुना यूपीएस आहे घरात?"

"आहे."

"मग आशा आहे."

त्यानंतर ते गृहस्थ वरचेवर यायला लागले. दोरीचा आठवडा झाला, रोटोचा झाला. मधेच त्यांनी "ती गाडीतल्या मोटारीची बरी पडेल का?" असं विचारलं, काकांनी "सोय आहे" म्हटल्यावर काकूंनी खुणेनं त्यांना विषय बदलायला लावला. वाढदिवस आला आणि गेला. मुलीला सायकल मिळाली. तिनं ती टांग टाकून चालू केली आणि काकांनी गॅलरीतून समाधानानं पाहिलं. ते गृहस्थ मात्र आता पुरते गुंतले होते. ऑफिसातून येताना जुन्या बाजारात रबरी चाकं चाचपून बघायचे. बायकोनं विचारलं, हे काय, तर म्हणायचे, "गाडीचंच."

शेवटी एका शनिवारी संध्याकाळी ते मोठं खोकं घेऊन काकांच्या दारात उभे राहिले. आत स्टार्टर बॉक्स, १२ व्होल्टची बॅटरी, लाल-काळ्या चिकटपट्ट्या, दोन इग्नायटर, चार जादा प्लग, आणि जुनी बनियन फाडून केलेली दोन फडकी. काकांनी एकेक वस्तू बाहेर काढून हाताळली. चाक फिरवलं, वायरी तपासल्या, फडक्याचं कापडसुद्धा चोळून पाहिलं. कशात काही खोट निघेना.

"उत्तम," ते म्हणाले. "याहून चांगली निवड मीसुद्धा केली नसती."

गृहस्थांचा जीव भांड्यात पडला. चहा झाला. उठता उठता त्यांनी विचारलं, "आता काका, तेवढी गाडी कुठली घेऊ ते सांगा."

"गाडी?" काकांनी चष्मा काढून तेलकट फडक्यानं पुसला. "ते तुम्ही बी विंगमधल्या त्या मुलाला विचारा. मला गाड्यांतलं काही कळत नाही."